चांगुणा मंगल कार्यालयाचं गेट

अमृतराव खिल्लारे पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याच सुमारास हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली. गावात एकदम कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, जागांचे भाव वर गेले. अमृतरावांनी औंढा रस्त्याला आधीच एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे मंगल कार्यालय बांधायचं हे त्यांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या डोक्यातून निघालं. बाईंना माणसांची भारी आवड. "पेन्शन घेऊन तुमी भिंतीकडं पाहत बसाल," त्या म्हणायच्या. "त्यापरीस दारात मांडव असला तर माणसं तरी दिसतील."

पाया भरून झाला आणि बाईंना कावीळ झाली. वरचा स्लॅब पडला तेव्हा त्या नव्हत्या.

अमृतरावांनी बांधकाम थांबवलं नाही. नाव ठरलेलंच होतं. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, "खाली मालकाचं नाव टाकू का साहेब?" अमृतराव नको म्हणाले. खिल्लारे हे आडनाव वाचून, त्यावरून जात ओळखून, कोण तारीख धरेल आणि कोण नुसती चौकशी करून निघून जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. पाटीवर एवढंच राहिलं: चांगुणा मंगल कार्यालय.

मुलगी सपना लग्न होऊन नागपूरला होती. गावातलं घर भाड्यानं देऊन अमृतराव कार्यालयाच्या वरच्या खोलीत राहायला आले. खाली सनई वाजायची, नवरदेव यायचा, बाया एकमेकींच्या साड्यांना हात लावून बघायच्या, आणि हे वर खिडकीत बसलेले. खाली बोलवायचं कोणाच्या डोक्यात यायचं नाही. लग्नघरच्यांना वाटायचं, मालक कुठल्या तरी बंगल्यात राहत असतील. वऱ्हाड गेलं की मुंजाजी वॉचमन हॉल धुवायचा. पाण्याचा आवाज थांबला की मग काहीच ऐकू यायचं नाही.

त्यांच्याकडे जिना चढून येणारं एकच माणूस होतं, शकुबाई. ती कनेरगाव नाक्याची. तिकडून पुऱ्या लाटायला ज्या बाया यायच्या त्यांची ती म्होरकी होती. नवरा कधीच वारलेला, मुलगा स्वप्निल चाकणला कंपनीत. पंगती उठल्या की ती पदरानं तोंड पुसत वर यायची आणि ताट टेबलावर ठेवायची.

"सायब, जिलबी न्हाई आणली. तुमाला चालत न्हाई ना."

"बरं केलं. बसा जरा."

"बसून काय करू? भांडी पडली हायेत." असं म्हणून ती उंबऱ्यात बसायचीच. नवरी कशी होती, कोणाचा मामा रुसला, वरणाला मीठ कोणी जास्त टाकलं, हे सगळं सांगायची. चार शब्द बोलून उठायची. अमृतरावांचं त्या दिवसाचं बोलणं तेवढ्यावर भागायचं. लग्नसराई संपली की ती दिवाळीनंतरच दिसायची आणि पावसाळा फार लांब व्हायचा.

विम्याचा एजंट पुनमचंद त्यांच्याकडे आला तो अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात. त्याचं हिंगोलीत कापडाचं दुकान होतं आणि जोडीला विम्याचं काम. खाजगी कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, पुनमचंदकडे त्यातल्या एका कंपनीचे चकचकीत कागद होते. अमृतरावांनी त्याला बसवून घेतलं, चहा केला, आणि एवढ्यासाठीच सगळं नीट ऐकलं की तो लवकर उठू नये.

"हे बघा साहेब, आगीचा विमा तुमचा आहेच," पुनमचंद म्हणाला. "तो कोणासाठी? भिंतीसाठी. भिंत पडली तर कंपनी भिंत बांधून देणार. पण भिंत कोणाच्या अंगावर पडली तर?"

"तर?"

"तर त्याचे पैसे तुमच्या खिशातून. त्याच्यासाठी ही दुसरी पॉलिसी, लोकांच्या नुकसानीची. लग्नात हजार माणूस येतं. कोणाला काही झालं, त्यानं कोर्टात दावा केला, तर कंपनी वकील देणार, भरपाई देणार. पण तिला मर्यादा आहे. एका अपघाताला इतकेच. वरचे कोण देणार? त्याच्यावर ही तिसरी." त्यानं दोन्ही हात डोक्यावर पसरून दाखवले. "छत्री. खालच्याचं संपलं की हिचं सुरू. तुमच्या जीपचा अपघात झाला आणि तो विमा कमी पडला, तरी हीच. कार्यालयाला पण, तुम्हाला स्वतःला पण."

"मग नुसती छत्रीच घेतो. खालच्या कशाला?"

"नाही देत. आधी डोक्यावर टोपी पाहिजे, मग छत्री. टोपी काढली तर छत्री पण गेली."

अमृतराव इंजिनियर होते. भार कशावर पडतो आणि पुढे कुठे उतरतो, हे समजून घ्यायला त्यांना आवडायचं. त्यांनी विचारलं, "आणि चूक माझीच असली तर?"

"चुकीसाठीच तर आहे! मुद्दाम केलेलं चालत नाही. दारू पिऊन कोणाला मारलं, ते चालत नाही. चूक चालते."

"माणसाला लागलं, पैसे कंपनीनं दिले. मग मी काय करायचं?"

"तुम्ही आरामात बसायचं," पुनमचंद हसून म्हणाला.

अमृतरावांनी दोन्ही घेतल्या.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते झालं. कार्यालयाला रस्त्याच्या बाजूनं मोठं लोखंडी गेट होतं, खालच्या पट्टीवर चाकांनी सरकणारं. पट्टीच्या टोकाला ते अडावं म्हणून जाड लोखंडी तुकडा वेल्डिंग करून बसवलेला होता. सगळे त्याला स्टॉपर म्हणत. कोणाचा तरी टेम्पो मागे येताना त्याला लागला आणि वेल्डिंग सुटलं. मुंजाजीनं वर येऊन सांगितलं. अमृतरावांनी वेल्डरला निरोप धाडला. वेल्डर म्हणाला, सराई आहे, चार दिवसांनी येतो. "तवर दगड लाव," असं अमृतरावांनी मुंजाजीला सांगितलं. दगड लागला, वेल्डर आला नाही, आणि लग्नं एकामागून एक होत राहिली.

त्या दिवशी हळद लागून गेली होती. नवरदेवाची गाडी आत घ्यायची म्हणून पोरांनी जोर लावून गेट ओढलं. दगड सरकला. गेट पट्टीवरून निसटलं, क्षणभर उभंच राहिलं आणि मग आडवं झालं. गेटाजवळच्या नळावर शकुबाई पिठाचे हात धूत होती.

अमृतरावांनी खिडकीतून पाहिलं. ते खाली आले तेव्हा दहा-बारा माणसांनी गेट उचललं होतं. शकुबाई शुद्धीवर होती. ती ओरडत नव्हती, नुसती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. उजवा पाय गुडघ्याखाली पायासारखा राहिला नव्हता.

त्यांनी तिला स्वतःच्या जीपमध्ये घातलं. हिंगोलीच्या दवाखान्यात पट्टी बांधून दिली आणि नांदेडला न्या म्हणून सांगितलं. सगळ्या रस्त्यानं अमृतराव मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. जीप मुंजाजी चालवत होता.

"शकुबाई, चूक माझी हाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तो स्टॉपर मी बसवून घ्यायला पाहिजे होता."

"पाय हाय ना सायब?" तिनं एकदाच विचारलं.

"हाय."

नांदेडला तो गुडघ्याखाली काढावा लागला. स्वप्निल चाकणहून येईपर्यंत अमृतराव दवाखान्याच्या बाकावर बसून होते. औषधं आणत होते, नर्सला हाक मारत होते. शकुबाईला गुंगी असायची. जाग आली की ती त्यांच्याकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. स्वप्निल आला तेव्हा अमृतराव त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. तो त्यांच्याशी बोलला नाही. बोलावं असं अमृतरावांनाही वाटलं नाही.

हिंगोलीला परतले तर पुनमचंद जिन्यात वाट बघत होता. त्याच्यासोबत कंपनीचे वकील होते, नांदेडचेच. वकील वर आले, पंखा लावा म्हणाले आणि पॉलिसीचा एक कागद उलटून त्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात?"

"तिथंच होतो."

"काही बोललात? चूक माझी, मी भरून देतो, असं काही?"

अमृतरावांनी पाण्याचा ग्लास वकिलांपुढे सरकवला.

"बोलला असाल तर मला सांगू नका," वकील म्हणाले. "आता नीट ऐका. ही अट आहे. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, कोणाला काही देऊ करायचं नाही, शब्द द्यायचा नाही. इथून पुढं त्या बाईंच्या संदर्भात जे बोलायचं ते आम्ही बोलणार. तुम्ही भेटायला गेलात, हात धरून रडलात, उद्या तिकडचा वकील तेच कोर्टात मांडणार. मग कंपनी म्हणेल, यांनी अट मोडली, आमचा संबंध संपला. दोन्ही पॉलिसी जातील. हे कार्यालय विकावं लागेल."

"नुसतं तब्येत विचारायला गेलो तर?"

"जाऊ नका. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

पुनमचंद खाली बघत होता. जाताना तो हळूच म्हणाला, "साहेब, वकील बराबर बोलतात. छत्रीखाली उभं राहायचं तर एका जागी उभं राहावं लागतं."

अमृतराव गेले नाहीत.

पहिले काही आठवडे रोज सकाळी ते जायच्या तयारीनं उठत. जीपची किल्ली घेत, जिन्यापर्यंत येत, आणि खाली हॉलच्या दारावर चांगुणाबाईंचा फोटो दिसला की परत फिरत. शकुबाईला दवाखान्यातून सोडल्याचं त्यांना मुंजाजीकडून कळलं. काठीनं चालते, चाकणला जायला तयार नाही, हेही त्याच्याचकडून. मग मुंजाजीनंही सांगायचं सोडलं. पुढच्या सराईत आचाऱ्यानं वाशीमकडच्या बाया आणल्या. अमृतराव मुंजाजीला पैसे देऊन बाहेरून डबा मागवू लागले. आठ-आठ दिवस त्यांच्या तोंडून "ठेव तिथं" एवढाच शब्द निघायचा. सपना नागपूरहून फोन करायची, "बाबा, सगळं बरं आहे ना?" ते म्हणायचे, "व्हय, सगळं बरं."

शकुबाईचा दावा दाखल झाला. तिची वकील ज्योती नावाची तरुण मुलगी होती, हिंगोलीच्या कोर्टात नवीनच. कंपनीच्या वकिलांनी उत्तर तयार केलं. गेट उत्तम स्थितीत होतं, वऱ्हाडातल्या अनोळखी पोरांनी ते बेजबाबदारपणे ओढलं, सदर बाई कामाची जागा सोडून विनाकारण गेटाजवळ उभी होती. त्याखाली अमृतरावांनी सही केली. करताना हात थांबला होता. वकील म्हणाले, "असंच लिहायचं असतं साहेब. कोर्टाची भाषा आहे." त्यांनी करून टाकली.

मग तारखा सुरू झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होतं. एका टोकाला शकुबाई बसायची, काठी भिंतीला टेकवून, दुसऱ्या टोकाला अमृतराव. मधे कोणी ना कोणी बसायचं, उठायचं. कधी कधी मधे कोणीच नसायचं. तेव्हा अमृतराव समोरच्या लिंबाकडे बघत राहायचे. तिचं लुगडं उजव्या बाजूनं सपाट पडलेलं त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं. एकदा तिची काठी घसरून फरशीवर पडली. अमृतराव उठले, दोन पावलं गेले, आणि त्यांना दारात कंपनीचे वकील दिसले. ते तिथेच थांबले. शकुबाईनं वाकून काठी स्वतः उचलली.

"राहू द्या सायब," ती म्हणाली. त्यांच्याकडे न बघता.

त्या दोन वर्षांत ती त्यांच्याशी एवढंच बोलली.

अमृतरावांची साक्ष निघाली तो दिवस पावसाळी होता, कोर्टात माणसं कमी होती. वकिलांनी आदल्या दिवशी सगळं पढवून घेतलं होतं. लेखी उत्तरात आहे तेच बोलायचं, जास्तीचं काही नाही. शपथ झाली. वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं अमृतरावांनी हळू आवाजात दिली. मग ज्योती उलटतपासणीला उभी राहिली. तिच्या हातात लेखी उत्तराची प्रत होती, पण प्रश्न विचारताना ती त्यांच्याकडेच बघत होती.

"तुम्ही स्वतः इंजिनियर आहात?"

"हो."

"सरकत्या गेटला स्टॉपर कशासाठी असतो?"

"गेट पट्टीच्या बाहेर जाऊ नये म्हणून."

"अपघाताच्या दिवशी तो स्टॉपर जागेवर होता?"

अमृतरावांनी मागे पाहिलं. शकुबाई शेवटच्या बाकावर होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. पंख्याकडे बघत होती, जणू तिला या उत्तराचं काही पडलेलंच नाही. दोन वर्षं आपण हिच्याशी बोललो नाही आणि आता हिच्यासमोर खोटं बोलणार आहोत, असं त्यांच्या मनात आलं. त्यापुढे त्यांनी विचार केला नाही.

"नव्हता," ते म्हणाले. "टेम्पो लागून तुटला होता."

कंपनीचे वकील उठून उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?" ज्योतीनं विचारलं.

"माहीत होतं. वॉचमननं मला सांगितलं होतं. वेल्डर आला नाही. मी दुसरा बघितला नाही. दगड लावायला सांगितला. गेट बंद ठेवायला पाहिजे होतं, ते मी ठेवलं नाही."

"मग या उत्तरात गेट उत्तम स्थितीत होतं असं लिहिलंय. सही तुमची आहे?"

"माझी आहे. ते खरं नाही."

"आणि शकुबाई गेटाजवळ विनाकारण उभ्या होत्या?"

"हात धूत होत्या," अमृतराव म्हणाले. "नळ तिथंच आहे. नळ तिथं मीच घेतला."

शकुबाईनं मान खाली घातली होती.

बाहेर आल्यावर वकील त्यांच्यावर फार चिडले. "तुम्ही स्वतःच्या हातानं सगळं बुडवलं. आता कंपनी काय करते बघा." अमृतराव म्हणाले, "कार्यालय विकून देईन." ते जीपकडे चालू लागले. रस्त्यानं त्यांना भीती वाटली नाही याचं त्यांना नवल वाटलं. भीती नंतर वाटली, खोलीवर आल्यावर, आणि पुढचे बरेच दिवस राहिली. चांगुणाबाईंच्या नावाची पाटी उतरवावी लागेल, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

एके दुपारी पुनमचंद आला. या वेळी एकटाच.

"कंपनीच्या मोठ्या ऑफिसात फाईल गेली," तो म्हणाला. "तिथल्या बाईंनी पूर्ण साक्ष वाचली. फोनवर मला विचारलं, यात लपवण्यासारखं होतं काय? मालकाची हयगय झाली, बाईचा पाय गेला. हयगय झाली नसती तर भरपाई द्यायचा प्रश्नच नव्हता. विमा हयगयीचाच आहे ना? मग भांडत काहून बसलात?"

"आणि ती अट? कबूल करायचं नाही म्हणून?"

"त्या म्हणाल्या, खाजगीत कबूल करायचं नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोला असं कंपनी कोणाला सांगत नाही." पुनमचंदनं कपाळ पुसलं. "मी अठरा पॉलिसी विकल्या साहेब, पण हे मला पण आत्ता कळलं."

लोक अदालतीत प्रकरण मिटलं. ठरलेली रक्कम खालच्या पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा बरीच वर गेली आणि वरचं सगळं छत्रीतून आलं. अमृतरावांच्या खिशातून काही गेलं नाही. कार्यालय राहिलं, पाटी राहिली. कंपनीच्या माणसानं शेवटचा कागद सहीला आणला तेव्हा त्यांनी विचारलं, "आता त्यांना भेटायला बंदी नाही ना?"

तो माणूस गोंधळला. "आता काय, फाईल बंद झाली. तुमची मर्जी."

बंदी उठली तरी ते लगेच गेले नाहीत. दिवाळी गेली. मग एका सकाळी ते जीप न काढता बसनं कनेरगाव नाक्याला उतरले. ढाब्यांच्या मागच्या गल्लीत शकुबाईचं घर कोणीही दाखवलं असतं. पुढे पत्र्याची नवी पडवी होती. ती खुर्चीवर बसून शेंगा निवडत होती. काठी होती, आणि आता पायाच्या जागी पाय होता, बसवलेला.

"या सायब," ती म्हणाली. उठली नाही. "बसा तिथं."

अमृतराव बाजेवर बसले. सुपातल्या शेंगांचा आवाज तेवढा येत होता.

"पैसे भेटले," शेवटी तीच म्हणाली. "घर नीट केलं. पाय बसवला. वकीलबाईनं लई केलं." मग म्हणाली, "तुमी कोर्टात बोललात ते मी ऐकलं."

"ते आधी बोलायला पाहिजे होतं."

"जीपमंदी बोलला व्हता की. मला सगळं ध्यानात हाय. मी शुद्धीवर व्हते." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मंग काहून न्हाई आलात? मी दवाखान्यात रोज दरवाजाकडं पाहून राहिले व्हते. स्वप्न्या म्हने, बड्या लोकायचं असंच असतं. मी त्याला म्हनलं, ते सायब तसे न्हाईत. मंग कोर्टात तुमचं उत्तर वाचून दाखवलं. मी बिनकामाची उभी व्हते म्हने तिथं. तवा मी गप बसले."

अमृतरावांनी सगळं सांगितलं. विम्याची अट, वकिलांनी ठेवलेलं बोट, दोन्ही पॉलिसी जातील म्हणून घातलेली भीती. सांगताना त्यांना स्वतःलाच ते फार लांबलचक वाटलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "त्या कागदात असं बी लिहिलं व्हतं का, की बाई मेली तरी जायचं न्हाई?"

"न्हाई. तसं नव्हतं."

"मंग?"

"घाबरलो, शकुबाई."

"कशाला?"

"कार्यालय जाईल म्हणून. चांगुणाचं नाव हाय त्याच्यावर. दुसरं तिचं काही उरलं न्हाई माझ्यापाशी."

शेजारचं एक लेकरू येऊन शेंगा मागून गेलं. मग ती म्हणाली, "हे एवढं कोनाच्या तोंडी सांगून धाडलं असतं, तर मीच म्हनले असते, नका येऊ म्हनून. बाईच्या नावाचं कार्यालय हाय, ते जपा. पर तुमी काईच न्हाई धाडलं. तो मुंज्या तरी व्हता ना?"

मुंजाजी होता. एक शब्द त्याच्या हाती धाडता आला असता, आणि तो त्यांनी धाडला नव्हता. अट वकिलांनी घातली होती, पण तिच्याही पलीकडे जाऊन ते स्वतः गप्प बसले होते, हे त्यांना त्या बाजेवर बसून पहिल्यांदा नीट दिसलं.

"चुकलं," ते म्हणाले.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. रागानं नाही, जसं होतं तसं. आणि काठीवर जोर देऊन उठली. "च्या करते. बिनसाखरेचा ना?"

त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. कार्यालयाच्या कामाला परत या, असं एकदा म्हणून पाहिलं. देखरेख करा, नुसतं बसून. ती नाही म्हणाली. "ते गेट पाहून मला सोसनार न्हाई सायब." गेट आता वेगळं होतं, दोन झडपांचं, बिजागरीवरचं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. तिच्या पडवीत बसायचं, पाऊसपाणी, स्वप्निलच्या पोरांचं शाळेचं, कोणाच्या घरी कोण आलं, एवढं बोलायचं आणि दुपारच्या गाडीनं परतायचं. पहिल्यासारखं ते नव्हतं. ती जपून बोलायची, तेही जपून. तरी हिंगोलीला परतताना त्यांना बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी स्वप्निलनं चाकणला दोन खोल्या घेतल्या आणि तो आईला न्यायला आला. ती जाते म्हणाली. अमृतरावांना निरोप मिळाला तेव्हा निघायची वेळ होत आली होती. ते नाक्यावर पोचले तर बस उभीच होती. स्वप्निलनं वरून एक हात धरला, अमृतरावांनी खालून काठी धरली, आणि शकुबाई चढली. स्वप्निलनं त्यांच्याकडे बघून मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

खिडकीतून शकुबाई म्हणाली, "जपा सायब. अन् सपनाताईकडं जात जा मधून मधून. एकलं बसू नका."

"जातो," ते म्हणाले.

बस पुण्याच्या रस्त्याला लागली. अमृतराव ढाब्यावर येऊन बसले. हिंगोलीकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. चहावाल्यानं ग्लास पुढे ठेवला आणि सहज विचारलं, "कोन व्हत्या? नात्यातल्या?"

अमृतरावांनी आठवून पाहिलं. जिला आपल्यामुळे पाय गमवावा लागला ती, असं सांगता आलं असतं. आपल्या खोलीपर्यंत जिना चढून येणारी, असंही सांगता आलं असतं.

"ओळखीच्या," ते म्हणाले आणि चहा घेऊ लागले. चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. थोड्या वेळानं हिंगोलीला सवाऱ्या नेणारी जीप आली. तिच्यात मागे एक जागा रिकामी होती.